किनाऱ्यावरचे घर पुन्हा बांधताना

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असा निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. गेली चार वर्षे माझ्या मनात आणि माझ्या वहीत एकच विषय आहे. समुद्राच्या भरतीरेषेपासून साधारण साठ मीटरवर असलेले माझे माहेरचे घर वादळात पडले. ते त्याच जागी पुन्हा बांधावे की बांधू नये, आणि बांधायचे तर कसे, हा प्रश्न आमच्या कुटुंबापुढे उभा राहिला. त्याचा निर्णय कसा झाला, याची ही हकीगत आहे. आपल्या वसतिगृहात शिकलेल्या अनेकांची घरे रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगत आहेत. आज ना उद्या हा प्रश्न त्यांच्याही दारात येण्याचा संभव आहे. त्यांच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखनाचा हेतू.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली या तालुक्यांत त्या एका दुपारी पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. आमचा गाव सावित्रीच्या मुखापासून फार दूर नाही. आई, दादा, वहिनी आणि मुले सकाळीच वरच्या आळीतील शाळेत गेल्यामुळे वाचली. घराची कौले उडाली, पडवीवरचे सिमेंटचे पत्रे शेजारच्या शेतात जाऊन फुटले, आणि माड कोसळून पश्चिमेची भिंत बसली. पुढच्या वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याला समांतर गुजरातकडे निघून गेले. ते आमच्याकडे उतरले नाही, तरी त्याच्या लाटांनी घरापुढच्या वाळूचा मोठा भाग ओढून नेला. लोकांना घरे पाडणारे वादळ दिसते. वाळू नेणारे वादळ तितके दिसत नाही, पण किनाऱ्याच्या दृष्टीने दुसरी हानी अधिक खोल असते.

आमची वस्ती तेथे का आहे, हे सांगितल्यावाचून पुढचे काही समजणार नाही. गावठाण मागे उंचवट्यावर आहे. त्याच्यापुढे आगरे आहेत. ती ज्यांची होती, त्यांचीच आजही आहेत. आगरांच्या पलीकडे, पुळण आणि खाडी यांच्या बेचक्यात, आमची चौदा घरे. ही जागा आमच्या पूर्वजांनी समुद्राचे दर्शन घडावे म्हणून पसंत केलेली नव्हती. गावाने वापरून जी उरली, ती त्यांच्या वाट्याला आली. खारे वारे, वाळूची जमीन, भरतीचे भय असे सगळे त्या जागेबरोबर आले. खोती १९४९च्या कायद्याने संपली, परंतु कोण कोठे राहतो याचा नकाशा कायद्याच्या एका कलमाने बदलत नाही. आज पर्यटनामुळे त्याच जागेला भाव आला आहे, आणि त्याच वेळी ती जागा राहण्यास धोक्याची ठरली आहे. दोन्ही गोष्टी एकदम घडल्या, हा आमच्या वस्तीपुढचा खरा पेच आहे.

घर बाबांनी बांधले होते. ते मुंबईत गिरणीत साचेवाले होते. वर्षाकाठी जमेल तसे पैसे पाठवून, जांभ्याचे चिरे थोडे थोडे आणून, १९७८ साली त्यांनी साडेसहाशे चौरस फुटांचे कौलारू घर उभे केले. चार वर्षांनी, १९८२च्या जानेवारीत, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि बाबा कायमचे गावी आले. त्या घराने आम्हांला त्या काळात तारले. मला वसतिगृहात ठेवून शिकवणे त्यांना शक्य झाले, कारण डोक्यावरचे छप्पर तरी आपले होते. त्यामुळे त्या घरासंबंधी कोरडेपणाने बोलणे आमच्यापैकी कोणालाच जमत नाही, मलाही नाही.

दादांनी नवा आराखडा करून घेतला होता. दोन मजली सिमेंट-काँक्रीटची इमारत, खाली कुटुंब, वर पर्यटकांसाठी चार खोल्या, आवारात कूपनलिका, पुढे समुद्राच्या बाजूस काँक्रीटची संरक्षक भिंत. या योजनेमागे हौस नव्हती. टाळेबंदीत पुतण्याची मुंबईतील नोकरी गेली होती आणि नारळ-सुपारीचे उत्पन्न बंद झाले होते. नव्याने लावलेला माड फळाला येण्यास सहा-सात वर्षे सहज जातात. तोवर खायचे काय, या प्रश्नाला त्या चार खोल्या हे उत्तर होते. कर्ज मिळण्याची तयारीही झाली होती. माझी सारी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामात गेली आणि उपअभियंता म्हणून मी निवृत्त झाले. म्हणून दादांनी आराखडा माझ्याकडे पाठवला आणि फोनवर म्हणाले, “बाय, तू तपासून बघ. काही कमीजास्त असेल तर सांग. पण लवकर सांग, पावसापूर्वी पाया काढायचाय.”

मी वहीची दोन पाने आखली. एका पानावर लिहिले, ‘समुद्र घराचे काय करील?’ दुसऱ्यावर लिहिले, ‘घर किनाऱ्याचे काय करील?’ पहिला प्रश्न सगळेच विचारतात, कारण त्यात आपले नुकसान असते. दुसरा प्रश्न सरकारी प्रकल्पांच्या अहवालात विचारला जातो. एका कुटुंबाच्या घराबाबत तो क्वचितच कोणी विचारतो. तरी महाराष्ट्राचा सुमारे ७२० किलोमीटरचा किनारा मोठ्या प्रकल्पांनी जितका बदलतो, तितकाच तो एकेका घराने, एकेका भिंतीने आणि एकेका कूपनलिकेने बदलत असतो. पंधरा दिवस मी गावी राहिले. भरती-ओहोटीच्या खुणा मोजल्या, विहिरीचे पाणी तपासून घेतले, आणि म्हाताऱ्या माणसांना पूर्वीची वाळू कोठवर होती ते विचारले.

प्रथम कायदा. पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ याखाली सागरी किनारा नियमनाची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली. तिच्या जागी २०११ची आणि पुढे १८ जानेवारी २०१९ची अधिसूचना आली. ही शेवटची अधिसूचना त्या त्या भागाचे किनारा व्यवस्थापन आराखडे मंजूर झाल्यावरच तेथे लागू होते. २०१९च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग पाडले. २०११च्या जनगणनेनुसार जेथे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा अधिक लोकवस्ती आहे, तेथे भरतीरेषेपासून ५० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र ठेवले; त्याहून विरळ वस्तीच्या भागात ते २०० मीटरपर्यंत आहे. आमचा गाव दुसऱ्या प्रकारात मोडतो. ना-विकास क्षेत्रात नवे बांधकाम होत नाही. मात्र जे अधिकृत घर आधीपासून उभे आहे, त्याची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते. त्यासाठी अट अशी की, जोत्याचे क्षेत्र, चटईक्षेत्र निर्देशांक आणि घनता पूर्वीपेक्षा वाढता कामा नये. म्हणजे घर बांधण्यास आडकाठी नव्हती; दुसऱ्या मजल्याला आणि चार खोल्यांना होती.

या अटीतील ‘अधिकृत’ हा शब्द लहान आहे, पण आमच्यासारख्या वस्त्यांच्या दृष्टीने फार जड आहे. सुदैवाने बाबांनी घरपट्टीच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या होत्या आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घराची नोंद होती. वस्तीतील पाच घरांची तशी नोंद सापडली नाही. ती घरे तितकीच जुनी आहेत, त्यांतील माणसे तितकीच पिढीजात आहेत. परंतु कागद नाही म्हणून पडलेले घर पुन्हा उभारणे त्यांना आमच्यापेक्षा कितीतरी अवघड गेले. नुकसानभरपाईच्या वेळीही त्यांची तीच अडचण झाली.

दुसरी बाब वाळूची. आमच्या घरापुढे वाळूचा एक लांबट उंचवटा होता. त्यावर मर्यादावेल पसरलेला असे आणि मागच्या बाजूस केवडा व उंडीची झाडे होती. मर्यादावेल हे नावच बोलके आहे. समुद्राने येथवर यावे, यापुढे नाही, ही मर्यादा तो वेल दाखवतो आणि काही अंशी राखतोही. त्याच्या मुळ्या व पसारा वाऱ्याने उडणारी वाळू धरून ठेवतात. वादळात लाटा या उंचवट्यावर आदळतात, त्याची वाळू ओढून समुद्रात नेतात, तेथे ती वाळू आडवी पसरून पुढच्या लाटांचा जोर मोडते, आणि शांत ऋतूत बरीचशी परत किनाऱ्यावर येते. हा उंचवटा म्हणजे किनाऱ्याची ठेव आहे. संकटात ती काढली जाते आणि नंतर हळूहळू भरली जाते.

काँक्रीटची भिंत ही देवघेव तोडते. लाट भिंतीवर आपटून मागे फिरते आणि भिंतीच्या पायथ्याची वाळू खणून नेते. काही वर्षांनी भिंत उभी राहते, पण तिच्यापुढची पुळण उरत नाही. पुढे भिंतीचा पायाच उघडा पडतो. शिवाय भिंत जेथे संपते, त्या टोकांशी लाटांचा जोर एकवटतो आणि शेजारची जमीन अधिक वेगाने खचते. आमच्या भिंतीचे उत्तरेचे टोक एका विधवा काकूंच्या घरासमोर संपणार होते. म्हणजे आमच्या सुरक्षिततेची किंमत त्यांच्या अंगणाने द्यायची होती. वहीच्या दुसऱ्या पानावर ही नोंद लिहिल्यानंतर तो आराखडा माझ्या दृष्टीने संपला होता.

तिसरी बाब पाण्याची, आणि ती माझ्या व्यवसायाची. किनाऱ्यालगत वाळूत जे गोडे पाणी असते, ते जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असली, तर तिच्या आधाराने खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते, असा ढोबळ नियम आहे. त्याचा उलटा अर्थ भयंकर आहे. उपशामुळे वरची पातळी थोडीशी उतरली, तरी खालचे खारे पाणी तिच्या कितीतरी पट वर चढते. आमची विहीर वस्तीतील सहा घरांची आहे. पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. मे महिन्यात आमच्या विहिरीचे पाणी त्या मर्यादेच्या थोडे खाली होते, म्हणजे काठावर होते. पाच माणसांचे घर दोरी-कळशीने दिवसाला तीनशे लिटरपेक्षा अधिक पाणी ओढत नव्हते. नव्या योजनेत आठ पाहुणे धरून तेरा माणसे होती. माणशी १३५ लिटर या शहरी हिशोबाने दिवसाला १,७५५ लिटर पाणी लागले असते, तेही एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा पर्यटक सर्वांत अधिक आणि विहिरीतील पाणी सर्वांत कमी असते. कूपनलिका खोल गेली असती, पाणी काही दिवस भरपूर आले असते, आणि मग सहा घरांची विहीर खारी झाली असती. पाण्यासाठी आपल्या लोकांनी काय सोसले आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी सांगावे असे नाही. आपल्या विहिरीचे पाणी आपल्याच हाताने नासवावे, हे मला सहन होण्यासारखे नव्हते.

चौथी बाब मैल्याची. आराखड्यात शोषखड्डा विहिरीच्या पूर्वेस, रस्त्याच्या बाजूला दाखवला होता. मोकळी जागा तेथे होती, एवढेच त्याचे कारण. परंतु आमच्याकडे भूजल पूर्वेच्या डोंगराकडून पश्चिमेच्या समुद्राकडे वाहते. विहिरीच्या पूर्वेचा खड्डा म्हणजे विहिरीच्या वरच्या अंगाचा खड्डा. त्यातील घाण वाळूतून सरळ विहिरीकडे आली असती. वाळूतून पाणी भराभर जाते, ते गाळले जाण्यास पुरेसा अवधी मिळत नाही.

पाचवी बाब सामानाची. दोन मजल्यांसाठी ठेकेदाराने सुमारे २२ ब्रास वाळू आणि ५२० गोणी, म्हणजे २६ टन, सिमेंट धरले होते. भिंतीचा हिशोब वेगळाच. एक टन सिमेंट तयार होताना अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वाळू खाडीतून सक्शन पंपाने काढलेली येणार होती. नदी जी वाळू समुद्राला देते, तीच लाटांबरोबर पुळणीवर येते. खाडीतून ती उपसून घर बांधणे आणि मग पुळण खचली म्हणून भिंत बांधणे, हा एका हाताने पाया काढून दुसऱ्या हाताने टेकू देण्याचा प्रकार आहे. शिवाय खाऱ्या हवेत काँक्रीटमधील लोखंड लवकर गंजते, गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे पडतात. पंधरा-वीस वर्षांत सळ्या उघड्या पडलेली घरे आमच्या गावात दाखवता येतील. बाबांचे चिरे मात्र चाळीस वर्षांनंतरही शाबूत होते. नवा जांभा आणणेही निर्दोष नाही; त्यासाठी सडे खणले जातात आणि सड्यावरची पावसाळी फुले, गवत, पाणी सगळे जाते. म्हणून जुने चिरे पुन्हा वापरणे हाच सर्वांत कमी हानीचा मार्ग होता.

आणखी दोन नोंदी लहान वाटतील, पण त्या वगळता येणार नाहीत. आमच्या किनाऱ्यावर अधूनमधून कासवीण अंडी घालायला येते. जवळच्या मंडणगड तालुक्यातील वेळासला २००२ पासून ग्रामस्थांच्या सहभागाने ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण चालू आहे. अंड्यांतून निघालेली पिल्ले क्षितिजावरच्या उजेडाकडे धाव घेतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो. गच्चीवरचा एक प्रखर दिवा त्यांना उलट दिशेने, कुत्र्यांच्या तोंडी नेण्यास पुरेसा आहे. दुसरी नोंद फुटक्या सिमेंटच्या पत्र्यांची. त्यांत ॲस्बेस्टॉस असते. तुकडे फोडून भरावात टाकले की त्याचे सूक्ष्म तंतू हवेत जातात आणि ते फुप्फुसांना घातक असतात. ते तुकडे ओले करून, न फोडता, जाड प्लास्टिकमध्ये बांधून ठेवावे लागले. रीतसर विल्हेवाट लागेपर्यंत ते आमच्या आवारातच पडून होते.

हे सगळे मी एका रविवारी घरच्या बैठकीत वाचून दाखवले. वस्तीतील विहारात आम्ही बसलो होतो, कारण बसायला दुसरे छप्पर नव्हते. विहीर सामाईक असल्याने तिच्या सहाही घरांतील माणसे आली होती. दादा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “तुझं सगळं बरोबर असेल, बाय. पण पलीकडच्या पुळणीवर लोकांनी केवढ्या इमारती बांधल्यात, त्यांना कोणी वही दाखवली का? पिढ्यान्‌पिढ्या ही जमीन कोणाला नको होती म्हणून आम्ही राहिलो. आता तिच्यातून चार पैसे मिळायची वेळ आली, तर पर्यावरण आमच्याच दारात आलं?”

या प्रश्नाला मी तेव्हा पूर्ण उत्तर देऊ शकले नाही, आणि आजही माझ्याकडे ते पूर्ण नाही. दादांच्या बोलण्यात अन्यायाची जी जाणीव होती, ती खरी आहे. ज्यांनी किनाऱ्याची हानी सर्वांत कमी केली, त्यांनाच संयम शिकवला जातो, हे मी नोकरीतही पाहिले आहे. मी इतकेच म्हटले, “दादा, त्यांची विहीर खारी झाली तर ते टँकर मागवतील, भिंत पडली तर दुसरीकडे जातील. आपल्याला दुसरीकडे कुठे आहे? म्हणून ही जागा आपल्यालाच जास्त जपायला हवी.” शेजारच्या काकू काही बोलल्या नाहीत, परंतु भिंतीचे टोक कोठे येणार, हे त्यांनी मला जमिनीवर काठीने पुन्हा काढून दाखवायला सांगितले. ती रेघ दादांनीही पाहिली.

जागा सोडून मागे जाण्याचा पर्यायही मी मांडला होता. अरबी समुद्राचे पाणी तापत आहे, गेल्या काही दशकांत तेथील चक्रीवादळे वाढली आहेत आणि समुद्राची पातळीही चढते आहे. किनाऱ्यापासून दूर जाणे हा शास्त्राच्या दृष्टीने सर्वांत चांगला उपाय आहे. पण जायचे तर जमीन हवी. गावठाणात जागा नाही, आगरे विकत घेण्याची ऐपत नाही, आणि आमची स्वतःची वरकस जमीन डोंगराच्या अशा उतारावर आहे की तेथे पावसाळ्यात दरडीचे भय. ऐंशी वर्षांची आई म्हणाली, “मागं जायचं तर सगळी वस्ती जाईल. मी एकटी जाऊन काय करू?” शहाणपणाचे दोन्ही मुद्दे तिच्या त्या एका वाक्यात आले. माघार ही एका घराने घ्यायची गोष्ट नाही. वस्तीला एकत्र, रस्ता-पाण्यासह, कागदोपत्री हक्काची जागा मिळाली, तरच तिला पुनर्वसन म्हणता येईल. त्या दिवशी चौदा घरांच्या सह्यांनी तशा मागणीचा अर्ज लिहिला. तो दिला आहे. पाठपुरावा चालू आहे.

तोवर राहायचे कोठे? शेवटी असे ठरले की, त्याच जोत्यावर, तेवढेच, एकमजली कौलारू घर बांधावे. जोत्याचे क्षेत्र न वाढवता उंची दोन फूट वाढवली. जुने चिरे निवडून वापरले. कोपरे आणि वाशांचे जोड वाऱ्याने उचलले जाऊ नयेत म्हणून भिंतीत नीट जखडले. सिमेंट ११० गोण्यांत भागले आणि वाळूच्या जागी खाणीतील दगडाची भुकटी वापरली. भिंत रद्द झाली. कूपनलिका रद्द झाली. दोन खड्ड्यांचा संडास विहिरीपासून वीस मीटरहून दूर, घराच्या उत्तरेस, भूजलाच्या वाहत्या रेषेच्या बाजूला घेतला. ६० चौरस मीटरच्या छपरावर आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याचे पाणी सुमारे १,८०,००० लिटर होते. त्यातील थोडे टाकीत साठवतो, उरलेले खड्ड्यातून जमिनीत जिरवतो, म्हणजे गोड्या पाण्याचा तो तरंगता थर थोडा तरी जाड व्हावा. समुद्राच्या बाजूला दिवा नाही. उंचवट्यावर वस्तीतील मुलांनी मर्यादावेलाची छाटे लावली आणि केवडा-उंडीची रोपे घातली. तेथून जनावरे व दुचाक्या जाऊ नयेत म्हणून बांबूचे कुंपण केले.

या निर्णयाची किंमत मी लपवणार नाही. चार खोल्या झाल्या नाहीत, म्हणून पुतण्या गावी राहू शकला नाही. तो आज महाडला एका कारखान्यात कामाला आहे आणि पंधरा दिवसांनी घरी येतो. निघताना तो मला म्हणाला होता, “आत्या, विहीर वाचली, पण मी तर बाहेरच गेलो ना?” त्याचे म्हणणे खोटे नाही. किनारा राखण्याचे काम किनाऱ्यावरच्या गरीब माणसाने आपल्या रोजगारातून करायचे आणि त्याचा लाभ सगळ्यांनी घ्यायचा, हा हिशोब न्याय्य नाही. जे कायदे भरतीरेषेपासूनचे मीटर मोजतात, त्यांनी तेथल्या माणसांच्या पोटाचाही विचार करावा, अशी मागणी आपण सर्वांनी मिळून केली पाहिजे.

घर होऊन आता दोन पावसाळे गेले आहेत. विहिरीचे पाणी गेल्या मे महिन्यात पुन्हा तपासले. ते अजून मर्यादेच्या आत आहे. मर्यादावेल काही ठिकाणी रुजला, काही ठिकाणी भरतीने नेला. तेथे पुन्हा लावला. वाळू पूर्वीइतकी परतलेली नाही. हे घर किती वर्षे टिकेल, हे सांगण्याचे धाडस मी करीत नाही. ते नातवंडांपर्यंत पोहोचेल अशा अपेक्षेने आम्ही ते बांधलेले नाही. वस्तीला सुरक्षित जागा मिळेपर्यंतचे ते घर आहे, आणि ज्या दिवशी ते सोडावे लागेल, त्या दिवशी त्याचे चिरे, कौले आणि लाकूड उचलून नेता येईल, किनाऱ्यावर काँक्रीटचा ढिगारा मागे राहणार नाही, असे ते बांधले आहे.

ज्या माजी विद्यार्थ्यांची घरे किनाऱ्यावर किंवा खाडीकाठी आहेत, त्यांना माझी काही सांगणी आहे. वादळाची वाट न पाहता घराची नोंद नमुना आठमध्ये आहे की नाही हे पाहा. पावत्या, सातबारा, जुनी छायाचित्रे एकत्र ठेवा आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांचीही कागदपत्रे काढून द्या. विहिरीचे पाणी मे महिन्यात आणि दिवाळीनंतर असे वर्षातून दोनदा तपासून घ्या. बांधकामापूर्वी भरतीरेषेपासूनचे अंतर मोजून घ्या. भिंत बांधण्याआधी तिचे टोक कोणाच्या दारात संपते, ते पाहा. आणि आराखडा आपल्या घरच्यांना दाखवाल तसा शेजाऱ्यांनाही दाखवा, कारण किनाऱ्यावर कोणाचेही घर एकट्याचे नसते.

आपल्यातून शिकून अभियंते, वकील, शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक झालेले अनेक जण हा लेख वाचतील. प्रत्येकाने आपल्या तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका वस्तीचे कागद आणि पाणी यांची जबाबदारी घेतली, तर पुढच्या वादळानंतर फार थोड्या कुटुंबांना उघड्यावर अर्ज लिहीत बसावे लागेल. आमच्या वस्तीच्या जागेचा अर्ज अद्याप निकालात निघालेला नाही. त्या कामी ज्यांना साहाय्य करता येईल, त्यांनी विद्यालयाच्या कार्यालयात माझ्या नावे निरोप ठेवावा, ही नम्र विनंती.